जुन्या चादरीचा पायजमा आसनातच फाटतो – मदत हवी आहे

गाठ_मारा
डबल बेडच्या कॉटन चादरीचे दोन पायजमे शिवले, सासऱ्यांसाठी. दोन्ही आसनात, म्हणजे दोन पाय जुळतात तिथे, फाटले. दोरा चांगला, मशीन चांगलं, दुहेरी टीप मारली आहे. तिसरा कापून पडलाय, आज शिवायचाच आहे. नागपूरच्या उन्हात त्यांना होजिअरी सोसत नाही, तेव्हा "विकत आणा" हे उत्तर नको. काय चुकतंय?

धावदोरा
फाटला म्हणजे काय? टीप उसवली की शेजारचं कापड गेलं? सीट (बैठकीचा घेर) किती, आसनाची उंची किती, पुढचा-मागचा भाग वेगळा कापलात का?

तिरपी_कात्री
एवढं विचारायचं काय त्यात? मियानी, म्हणजे आसनातला जोडचौकोन, नसणार. अर्धा इंच माया (शिवणीत जाणारं कापड) धरून ६ इंचाचा चौकोन कापा, दोन पायांमध्ये टोकावर उभा बसवा. कोपऱ्यात टीप अर्धा इंच आधी थांबवा, नाहीतर चुणी पडते. मियानीशिवाय पायजमा शिवूच नये.

गाठ_मारा
मियानी नाही. सीट ४०, आसन १३, नेफ्याला, नाडी ओवायच्या घडीला, वर २ इंच. पुढचा-मागचा सारखाच कापला. कापड गेलंय, मागच्या बाजूला, अगदी टिपेलगत, टिपेच्याच रेषेत.

धावदोरा
१३ कमी. सीट ४० ला नेफा सोडून १५ तरी हवं, आणि मागचं पुढच्यापेक्षा दीड इंच उंच. मांडी घातली की सगळी ओढ मागच्या वळणावर येते. पण टिपेच्याच रेषेत फाटलं म्हणजे आणखी काहीतरी आहे. सुई कोणती? टाके केवढे?

गाठ_मारा
सुई १६ नंबर, मशीनला होती तीच. टाके मुद्दाम बारीक ठेवले, मजबूत व्हावे म्हणून.

गांधीबागेतला_मांजरपाट
तेच तर बाप्पा! पोस्टाच्या तिकिटाची कड करून राहिल्या तुम्ही. भोकं पाडली, आता तिथूनच फाटणार. १६ ची सुई जाड कापडाला. विरलेल्या चादरीला ११, इंचात १० टाके, बस. आणि दोरा पॉलिस्टरचा असेल तर काढा, तो जुन्या सुतापेक्षा मजबूत, ओढ बसली की कापडच आधी जातं. सुती घ्या.

तिरपी_कात्री
आसनात सुती दोरा? महिन्यात उसवेल.

गांधीबागेतला_मांजरपाट
उसवू द्या ना जी. टीप पुन्हा मारता येते, कापड पुन्हा विणता येते का?

खोळवाली
चादरीपेक्षा उशीच्या खोळी बऱ्या. १७ × २७ च्या एका खोळीत तान्ह्या बाळाची दोन झबली निघतात. खोळ मधोमध आडवी कापा, १० इंच रुंदी झबल्याला, उरलेल्या पट्टीचे बंद. गळ्याला उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावा, सरळ पट्टी टोचते.

धावदोरा
बाळ कुठून आलं इथे? सासरे आहेत.
@गाठ_मारा, चादर किती जुनी? आसन चादरीच्या कुठल्या भागातून आलं?

गाठ_मारा
दहा-बारा वर्षं वापरलेली. काठाची छापील वेल पायाच्या तळाशी यावी म्हणून तसं बेतलं. त्यामुळे आसन आतल्या भागातून आलं.

धावदोरा
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं! डबल बेडच्या चादरीत माणसं झोपतात त्या दोन जागा विरतात. गादीखाली खोचलेल्या कडा ताज्या राहतात, मधला पट्टाही बराच बरा असतो. तुम्ही सगळ्यात धड कापड घोट्याशी नेलंत आणि विरलेलं आसनात. खिडकीशी उजेडात धरा, जाळीसारखं दिसेल ते पोटऱ्यांना. दोन अंगठ्यांनी ताणून बघा, दोरे सरकले तर आसन तिथे नकोच.

गाठ_मारा
पटलं. पण तिसरा कापून झालाय हो! चादर संपली.

धावदोरा
टाकू नका. नेफ्यासाठी सोडलेले २ इंच आसनात घ्या, झालं १५. नेफा वेगळ्या कापडाचा, कापून ३ इंच रुंद पट्टी. मागे नेफ्याखाली पाचर जोडा, मधोमध दीड इंच, बाजूंना निमुळती. आसनात आतून मांजरपाटाचं (कोऱ्या सुती कापडाचं) अस्तर, वळणाच्याच आकाराचं, ४ इंच रुंद. मांजरपाट आधी भिजवून वाळवा, नाहीतर तो आटेल आणि चादर चुण्या धरेल. अस्तराची कड सुट्टी ठेवू नका, दोन्ही थर मिळून टीप.

तिरपी_कात्री
एवढ्या उठाठेवीपेक्षा उरेब पट्टी पुरे. वळणावर ताणते तरी.

धावदोरा
पट्टी एक इंचाची, विरलेलं कापड चार इंच. पट्टीच्या पलीकडे फाटेल. आणि मियानी बसवली तरी तिच्या टिपेशेजारी हेच होणार.

तिरपी_कात्री
मियानी मी नव्या कापडाचीच म्हणत होते.

गाठ_मारा
मांजरपाट भिजत घातलाय. ११ ची सुई घरात नाही, १४ ची आहे. चालेल?

गांधीबागेतला_मांजरपाट
नवी असेल तर चालते. टोक नखावरून हलकं ओढा, ओरखडा उठला तर फेका.

खोळवाली
नेफ्यात नाडी की इलॅस्टिक?