भागीदार हिशेब दाखवत नाही, आधी काय करू?

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूर एमआयडीसीत आमचं लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि मावसभाऊ, निम्मे-निम्मे. मशीन मी बघतो, बँक आणि बिलं तो.

गेल्या महिन्यात जीएसटीचं २बी (आपल्या जीएसटी नंबरवर लागलेल्या खरेदीच्या बिलांची यादी) पहिल्यांदाच स्वतः उघडलं, तर आमच्या नंबरवर टाइल्स आणि एसीची बिलं! वर्कशॉपला आजही कोबाच आहे. एसी त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये. वास्तुशांतीला मीच त्याच्याखाली बसून जेवलो. भंगारवाल्याचे पैसेही त्याच्या स्वतःच्या क्यूआरवर जातात. विचारलं तर, "दादा, विश्वास नाही का?"

करारनामा स्टॅम्पपेपरवर आहे, पण फर्मची नोंदणी नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार वह्या बघायचा हक्क मला आहे. पण नोंदणी नसेल तर कलम ६९ मुळे त्याच्यावर दावा अडतो, फर्म मोडून हिशेब तेवढा मागता येतो, असं वाचलं. आता नोंदणी करून घ्यावी का? दोघांच्या सह्यांशिवाय पैसे सोडू नका, असं एकट्याने पत्र दिलं तर बँक ऐकते का? सीए त्याचाच मित्र, त्यामुळे तिकडून आशा नाही.

मावशीला अजून काही माहीत नाही. यातून कोणी गेलं असेल तर सांगा, आधी वकिलाची नोटीस की आधी घरात बैठक?