अ‍ॅडास चालू असलं की डोकं बंद पडतं का? समृद्धीवरचा अनुभव

वऱ्हाडी_स्टिअरिंग:
मंडळी, मागच्या महिन्यात नागपूरहून शिर्डीला गेलो, नवीन गाडी, लेव्हल २ अ‍ॅडासवाली, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टिम, वेग आणि स्टिअरिंग गाडी सांभाळते पण लक्ष आपणच ठेवायचं (कंपनी सांगत नाही, उगाच फॅनक्लब भांडायला येतील). कारंजा सोडल्यावर रस्ता एकदम मोकळा, म्हणून क्रूझ (पुढच्या गाडीप्रमाणे वेग सांभाळणारं) ११० ला लावलं, लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये धरून ठेवणारं) चालू, पुढे एक पांढरी एसयूव्ही होती तिच्या मागे आपली गाडी आपोआप चाललीये, एकदम मस्त. तासाभराने ती एसयूव्ही झटकन उजवीकडे सरकली आणि समोर ट्रक, थांबलेला, मागे एक लाइट नाही की दगडगोटे ठेवलेले नाहीत. माझ्या गाडीने ब्रेक मारलाच नाही, उलट पुढची गाडी गेली म्हणून पिकअप घ्यायला लागली. बायको ओरडली "अहो ट्रक!" तेव्हा मी स्टिअरिंग ओढलं. वाचलो थोडक्यात.

आता खरी गोष्ट ही की मी झोपलो नव्हतो, डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, मोबाइल खिशात. तरी ट्रक 'दिसला' नाही. जुन्या गाडीने हाच रस्ता केलाय, पाठ मोडायची पण असं कधी झालं नाही. चूक माझी, गाडीची, की सगळ्यांनाच होतं हे?

पुणेरी_क्लच:
मॅन्युअल उघडलंत का कधी? त्यात बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं की थांबलेल्या वाहनासाठी ब्रेक लागेलच याची खात्री नाही. रडारला पुलाचे खांब, बोर्ड, कठडे हे सगळं थांबलेलंच दिसतं, त्या प्रत्येकाला ब्रेक मारला तर गाडी पाच मिनिटं धड चालणार नाही, म्हणून बऱ्याच सिस्टिम वेगात असताना स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करतात. त्यात तुमच्यासारखं, पुढची गाडी बाजूला होऊन मागचं उघडं पडलं तर यंत्राला वेळच मिळत नाही. लेव्हल २ म्हणजे ड्रायव्हर तुम्हीच. शोरूमवाला हे सांगत नाही, तो टेस्ट ड्राइव्हला हात सोडून दाखवतो.

मागची_सीट:
वरचं बरोबर आहे पण प्रश्न माणसाचा होता. मी याच विषयात काम करते म्हणून जरा लांबण लावते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या रडारवाल्यांकडून पाणबुड्या नजरेतून सुटत होत्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने केंब्रिजला एक प्रयोग केला. घड्याळासारखा काटा, एकेक ठोका पुढे सरकणारा, मधूनच दुप्पट उडी मारणारा, आणि ती उडी पकडायची, बस. दोन तासांचं काम, पण पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या चुका वाढल्या. हे १९४८ ला छापून आलं. तुम्ही समृद्धीवर तेच घड्याळ बघत बसला होतात, आणि त्यातून ती उडी तासाभराने आली.

१९८३ मध्ये लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी याची गंमत दाखवली: सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे फक्त यंत्रावर नजर ठेवणं उरतं, जे त्याला सगळ्यात वाईट जमतं, आणि यंत्र हात वर करतं ते नेमकं अवघड वेळी. १८ मार्च २०१८ ला अ‍ॅरिझोनात टेम्पी इथे उबरच्या आपोआप चालणाऱ्या चाचणी गाडीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, ती दगावली. गाडीला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती, पण वाहन की सायकल की आणखी काही, हे ठरवण्यातच वेळ गेला. सीटवर बसलेली ड्रायव्हर, जिचं कामच लक्ष ठेवणं होतं, ती मोबाइल बघत होती. तुमचा मोबाइल खिशात होता तरी लक्ष गेलं, म्हणून नुसतं 'बेजबाबदार' म्हणून विषय संपत नाही.

श्टुटगार्टकर:
इकडे जर्मनीत मर्सिडीजने लेव्हल ३ आणली, आधी ताशी ६० पर्यंत होती मग ९५ केली, ठरलेल्या हायवेवरच चालते. तिच्यात स्क्रीनवर पिक्चर बघितला तरी चालतो, पण झोपायचं नाही, कारण गाडीने बोलावलं की १० सेकंदांत ताबा घ्यायचा. ९५ च्या वेगाने १० सेकंद म्हणजे साधारण २६० मीटर. तुमच्या लेव्हल २ मध्ये असली घंटाच नाही, वहिनींचं ओरडणं हीच घंटा 😄

पुणेरी_क्लच:
आणि लोक स्टिअरिंगला पाण्याची बाटली लटकवतात, संत्रं अडकवतात, सेन्सरला हात आहे असं वाटावं म्हणून. नागपूरवाल्यांना संत्र्यांची कमी नाही म्हणून आधीच सांगतो, नका करू.

लालडबा_ज्युनिअर:
वडील एसटीत ड्रायव्हर होते. रात्रीच्या गाडीला रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम आरशात बघत राहायचे, मैलाचे दगड मोठ्याने वाचायचे, आम्हाला हसू यायचं. मी आता तेच करतो, आणि लेन असिस्ट बंद ठेवतो, क्रूझ चालू. हातांना काम राहिलं की डोकं जागं राहतं निदान माझं तरी. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये मात्र तेच क्रूझ वरदान आहे, उगाच नावं ठेवू नका.

वऱ्हाडी_स्टिअरिंग:
सगळ्यांचे आभार. मॅन्युअल काढलं, पुणेरी दादा, थांबलेल्या गाडीचं खरंच लिहिलंय, बारीक अक्षरात. लेन असिस्ट बंद करून बघतो आणि दर तासाला थांबतो. बायको म्हणतेय पुढच्या वेळी ती चालवणार, मी शेजारी बसून ओरडायचं.