नेट दिवसातून चार-पाचदा जातं, स्पीड टेस्ट मात्र ठणठणीत. दोष शोधायचा कुठून?

वाटसरू_४०४

फायबरचं कनेक्शन आहे, १०० एमबीपीएस डाउनलोड आणि २० अपलोड. कंपनीची ओएनटी (फायबरमधला प्रकाश लॅनच्या सिग्नलमध्ये बदलणारी पेटी) कपाटात, तिच्यापुढे लॅन केबलने जोडलेला माझा स्वतःचा राउटर. तक्रारी दोन:

एक, दिवसातून चार-पाचदा नेट पूर्ण बसतं. वायफायचं चिन्ह भरलेलं दिसतं, पण काहीच उघडत नाही. राउटर बंद करून चालू केला की दोनेक मिनिटांत परत येतं.

दोन, संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, चित्र गोठतं. कॉल संपल्यावर स्पीड टेस्ट केली तर ९४ दाखवते!

राउटर फॅक्टरी रीसेट करून झाला, फर्मवेअर नवं टाकलं, वायफायचं चॅनल बदललं. कस्टमर केअरचं एकच पालुपद: "आमच्याकडून लाइन ओके आहे, राउटर बदला." बदलायला हरकत नाही, पण दोष राउटरमध्येच आहे हे ठरवायचं कशावरून?

झटपट_उपाय

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून १.१.१.१ आणि ८.८.८.८ टाका, निम्मे प्रॉब्लेम तिथेच सुटतात. नाही सुटले तर सरळ वायफाय ६ चा राउटर घ्या.

दुसरा_हॉप

थांबा, खरेदी नंतर. आधी पाकिटं (डेटाचे छोटे तुकडे) कुठे गळतायत ते बघू.

लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि वायफाय बंद ठेवा. वायफायवर घेतलेली कुठलीही चाचणी इथे कामाची नाही, कारण हवेतला दोष आणि लाइनीतला दोष त्यात एकमेकांत मिसळतात. मग कमांड प्रॉम्प्टच्या चार खिडक्या उघडा आणि प्रत्येकीत एक पिंग (समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तराला किती वेळ लागला ते मोजणारी कमांड) सतत चालू ठेवा. विंडोजवर पत्त्याआधी "-टी" लावलं की पिंग आपण थांबवेपर्यंत चालतं (अक्षरं अर्थातच इंग्रजीत टाइप करायची).

पहिली खिडकी: तुमचा राउटर, बहुधा १९२.१६८.०.१
दुसरी: ओएनटी, बहुधा १९२.१६८.१.१
तिसरी: कंपनीचा पहिला गेटवे (घराबाहेर पडल्यावर लागणारं कंपनीचं पहिलं यंत्र)
चौथी: १.१.१.१

तिसरा पत्ता मिळवायला ट्रेसर्ट (वाटेतली यंत्रं क्रमाने दाखवणारी कमांड) चालवून १.१.१.१ पर्यंतची वाट काढा. घरातले दोन पत्ते सोडून पुढचा जो येईल तो. तो १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्यांनी सुरू झाला तर दचकू नका, कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्याची ती खूण. काही गेटवे पिंगला उत्तरच देत नाहीत. तसं असेल तर त्याच्या पुढचा जो उत्तर देतो तो धरा.

आता नेट गेलं की राउटरला हात लावू नका. नुसतं बघा. पहिलीच खिडकी अडली तर केबल किंवा राउटर. पहिली चालू आणि दुसरी अडली तर राउटर ते ओएनटी ही केबल, नाहीतर ओएनटी स्वतःच बंद पडतेय. पहिल्या दोन चालू आणि तिसरी-चौथी ठप्प, तर दोष ओएनटीच्या पलीकडे, म्हणजे फायबरवर किंवा कंपनीकडे. अशा वेळी "टाइम्ड आउट" ऐवजी घरातल्याच पत्त्याकडून "अनरीचेबल" असं उत्तर येऊ शकतं, अर्थ तोच. आणि पहिल्या तीन चालू, फक्त चौथी मेली, तर कंपनीच्या आतल्या जाळ्यात काहीतरी.

वेळ मोजताना एक ध्यानात ठेवा: उत्तर येत असताना ओळ सेकंदाला एक पडते, पण टाइमआउटची एकेक ओळ चार-पाच सेकंद खाते. वीस ओळी म्हणजे जवळजवळ दीड मिनिट.

डीएनएसबद्दल: नावाने साइट उघडत नाही पण त्याच क्षणी १.१.१.१ ला पिंग जातं, तरच डीएनएसवर संशय घ्यायचा. इथे तसं काही दिसलेलं नाही.

शिवाय ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल माहितीत आरएक्स पॉवर (ओएनटीला मिळणारा प्रकाश) आणि टीएक्स पॉवर (तिने पाठवलेला प्रकाश) असे दोन आकडे असतात, डीबीएममध्ये; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. नेट चालू असताना आणि नेट जाऊन आल्यावर लगेच, असे दोन्ही वेळचे लिहून ठेवा. कपाटातल्या फायबरचाही फोटो टाका.

तांब्याची_तार

एक भर. ओएनटी आणि राउटर दोन्हींच्या पानावर "अपटाइम" (यंत्र किती वेळ सलग चालू आहे) बघा. नेट गेल्यावर ओएनटीचा अपटाइम शून्यापासून सुरू होत असेल तर ती रीस्टार्ट होतेय, आणि मग पहिला संशय अ‍ॅडॅप्टरवर. जुन्या अ‍ॅडॅप्टरमधला कपॅसिटर थकला की दिवे लागलेले दिसतात, पण लोड वाढला की व्होल्टेज खाली बसतं आणि यंत्र पुन्हा उठतं. बदलताना व्होल्ट तेच हवेत, १२ च्या जागी १२ च. अँपिअर लेबलवर लिहिलेत तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाहीत. पिनची जाडी आणि धन-ऋणाची खूणही जुळवून घ्या.

वाटसरू_४०४

दोन दिवस चालवलं. वाचून दाखवतो.

नेट गेलं तेव्हा पहिल्या दोन खिडक्या १ मिलिसेकंदावर, एकही पाकीट गळलं नाही. तिसरी आणि चौथी एकदमच अडल्या, १८ ते २२ टाइमआउट. राउटरला हात न लावताही आपोआप परत आलं! ओएनटीचा अपटाइम ९ दिवस, म्हणजे ती रीस्टार्ट होत नाहीये.

आरएक्स पॉवर एरवी -२४.३ डीबीएम, नेट जाऊन आल्यावर लगेच -२७.८. टीएक्स २.१ कायम.

संध्याकाळच्या कॉलच्या वेळी मात्र वेगळंच: काही गळत नाही, पण तिसऱ्या खिडकीतला आकडा ५ वरून ३५०-४०० वर जातो. पहिल्या दोन तेव्हाही १ वरच.

फोटो जोडलाय. फायबर कपाटाच्या मागच्या भोकातून येते, बिजागरीजवळून वळते आणि ओएनटीत शिरते. दोन्ही टोकांचे कनेक्टर हिरवे.

दुसरा_हॉप

झकास. हे दोन वेगळे आजार आहेत, म्हणूनच एका उपायाने दोन्ही जात नव्हते. आणि राउटर रीस्टार्ट केल्याने नेट येत होतं असं नाही, तो उठेपर्यंत लाइन आपली आपण परत येत होती.

पहिला आजार फायबरचा. जीपॉनमध्ये (एकच फायबर अनेक घरांत वाटणारी पद्धत) नेहमी लागणाऱ्या बी प्लस वर्गाच्या ओएनटीला -२७ डीबीएमपर्यंतचा प्रकाश वाचता येतो, खालची हद्द तीच. -८ च्या वरचा प्रकाशही तिला सोसत नाही, पण घरात ती वेळ क्वचितच येते. -२७.८ म्हणजे तुम्ही हद्दीच्या पलीकडे उभे आहात. डीबीएममध्ये ३ चा फरक म्हणजे प्रकाश निम्मा. तुमचा साडेतीनने पडतोय, म्हणजे अर्ध्याहून जास्त प्रकाश वाटेत सांडतोय, आणि तोही अधूनमधून. स्प्लिटर (प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग) किंवा लांबीमुळे होणारी घट दिवसभर सारखीच राहते. येणारी-जाणारी घट म्हणजे वाकलेली तार, ढिला कनेक्टर किंवा कुठेतरी हलणारा जोड.

फोटोत बिजागरीपाशी तार जवळजवळ काटकोनात वळलीय. दार लावलं की ती आणखी दाबली जात असणार. साध्या फायबरला वळणाची त्रिज्या ३० मिलिमीटरच्या खाली नेऊ नये. वाकण सोसणाऱ्या जातीला १० किंवा ७.५ चालतात, पण बिजागरीत चेपलेल्या तारेला कुठलीच जात वाचवत नाही. डाउनलोड १४९० नॅनोमीटरवर येतं, अपलोड १३१० वर, आणि वळणातून लांब तरंगलांबी आधी निसटते. म्हणून फटका आधी तुमच्या आरएक्सला बसतो.

करून बघा: ओएनटीचं पान उघडं ठेवा, कपाटाचं दार सावकाश लावा, पान रिफ्रेश करा, आकडा बघा.

कनेक्टर हिरवा म्हणजे एपीसी, त्याचं टोक ८ अंशात तिरपं घासलेलं असतं. निळा यूपीसी, तो सरळ. पॅच कॉर्ड (ओएनटीत शिरणारी ही फायबरची तार) बदलताना हिरव्या पोर्टला हिरवंच टोक लावायचं. हिरवं-निळं जोडलं तर टोकं नीट टेकत नाहीत, मध्ये हवेची फट राहते आणि तिथेच काही डीबी जातात. काही ओएनटींचं पोर्ट निळं असतं, तेव्हा एक टोक हिरवं आणि एक निळं अशी कॉर्ड लागते. टोकाला बोट लावू नका, फुंकर तर मुळीच नको. आणि उघड्या टोकात डोकावू नका, आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही.

वाटसरू_४०४

दार उघडं: -२४.२. दार लावलं: -२७.९, आणि अर्ध्या मिनिटात एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा!

दुसरा_हॉप

सापडलं. तार बिजागरीपासून सोडवा, उरलेली लांबी पेल्याच्या तोंडाएवढ्या वेटोळ्यात सैल गुंडाळा, प्लॅस्टिकचे बंध आवळू नका. तेवढ्याने -२४ च्या आसपास आकडा स्थिर राहिला तरी कॉर्ड बदलून घ्या, चेपलेली काच पुढे तडकते. बदलल्यावरही -२४ च राहिला तर लाइनमनला बाहेरच्या डब्यातल्या टोकावर पॉवर मीटर लावायला सांगा. ढोबळ हिशेब असा: कंपनीकडून ३ डीबीएम निघाले, ३२ घरांच्या स्प्लिटिंगमध्ये १७ च्या आसपास गेले, तारेत आणि जोडांत आणखी दोन-तीन गेले, तरी घरी -१७ च्या आगेमागे यायला हवं. स्प्लिटिंग ६४ घरांचं असेल तर -२० च्या पुढेमागे.

तांब्याची_तार

तक्रार करताना "नेट जातं" असं सांगू नका. "अमुक वाजून अमुक मिनिटांनी एलओएस झालाय, ओएलटीच्या लॉगमध्ये डाइंग गॅस्प आहे का बघा" असं सांगा. ओएलटी म्हणजे कंपनीच्या टोकाचं यंत्र. वीज गेली की बहुतेक ओएनटी विझता विझता तसा निरोप पाठवतात. निरोप नाही आणि लाइन तुटली, तर दोष प्रकाशाचा. मग "तुमच्या घरची लाइट गेली असेल" म्हणायला जागा उरत नाही. ओएलटीला तुमच्याकडून येणारा प्रकाश किती मिळतो तेही विचारा, तो आकडा घरातून दिसत नाही.

दुसऱ्या आजाराचं काय? कॉलच्या वेळी घरात कोणी काही अपलोड करतंय का?

वाटसरू_४०४

दोन फोन. चार्जिंगला लावले की फोटोंचा बॅकअप सुरू होतो. संध्याकाळीच!

दुसरा_हॉप

मग तेच. २० एमबीपीएसची अपलोड लाइन बॅकअपने तुडुंब भरते, ओएनटीमध्ये पाकिटांची रांग लागते आणि तुमच्या आवाजाचं पाकीट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. गळत काही नाही, फक्त ४०० मिलिसेकंद उशीर. याला बफरब्लोट म्हणतात. कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात, पण ते वेळेवर हवेत. स्पीड टेस्ट फक्त पाइप किती जाड ते मोजते, आणि तुम्ही ती कॉल संपल्यावर करत होता.

राउटरमध्ये एसक्यूएम (पाकिटांच्या रांगेला शिस्त लावणारी सोय) आहे का बघा. असेल तर रांगेची पद्धत केक किंवा एफक्यू-कोडेल निवडा, अपलोड १८ आणि डाउनलोड ९० ठेवा, म्हणजे प्लॅनच्या वेगाच्या ९० टक्के. मर्यादा लाइनीपेक्षा थोडी कमी हवी, तरच रांग तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तिथे तिला शिस्त लावता येते. १८ वरही पिंग ५० च्या वर गेलं तर १७, १६ असं उतरत जा. एसक्यूएम प्रोसेसरवर चालतं, स्वस्तातला राउटर काहीशे एमबीपीएसला दमतो, पण १०० ला सहसा अडचण नाही. सोय नसेल तर बॅकअप मध्यरात्रीवर ढकला किंवा त्या दोन फोनना अपलोडची मर्यादा घाला.

झटपट_उपाय

माझा डीएनएसचा सल्ला मागे घेतो. पण मग वायफायचा दोष कधी समजायचा?

तांब्याची_तार

केबलवर पिंग स्वच्छ आणि त्याच वेळी वायफायवरून राउटरलाच केलेलं पिंग २-३ वरून १०० वर उसळतं, तेव्हा. फोनवर सिग्नल -७५ डीबीएमपेक्षा खाली असेल तर आधी राउटरची जागा बदला. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर ५२ ते १४४ ही चॅनलं बहुतेक देशांत रडारसोबत वाटून घ्यावी लागतात. रडारची चाहूल लागली की राउटर चॅनल सोडतो आणि वायफाय क्षणभर गायब होतं. तसं होत असेल तर ३६ ते ४८ मध्ये या.

वाटसरू_४०४

नवी कॉर्ड बसवली, बिजागरी टाळून. दार लावून आरएक्स -२१.४. तीन दिवसांत एकही टाइमआउट नाही. एसक्यूएम १८/९० वर, बॅकअप चालू असताना पिंग १४ ते २२. जुनी कॉर्ड हातात घेतली तर बिजागरीच्या जागी वरच्या आवरणावर नखाएवढा पांढरा चट्टा आहे.

दुसरा_हॉप

-२१.४ लिहून ओएनटीवर चिकटवून ठेवा, तारखेसकट. पुढे कधी नेट गेलं तर तुलनेला हाच आकडा लागेल. आणि ती जुनी कॉर्ड टाकून द्या, ड्रॉवरमध्ये ठेवलीत तर कोणीतरी परत लावेल.