मातीत शिसं 310 आलंय. मेथी उपटून टाकू का?

ऐरोलीची_आजी
नमस्कार मंडळी. ऐरोलीत आमचं सिडकोचं रो-हाऊस आहे, 1993 पासून. गेट आणि पायरीच्या मधे दहा बाय सहाचा वाफा. मेथी, लाल माठ, अळू, कोपऱ्यात कढीपत्ता. इतकी वर्षं शेजारीपाजारी जुड्या वाटतेय, कुणाला काही झालं नाही (झालं असेल तर मला सांगितलेलं नाही).

गेल्या महिन्यात सून म्हणाली, आई, रबाळे एमआयडीसी इतकी जवळ, एकदा माती तपासून घेऊ. नातू दीड वर्षाचा. वाफ्यात बसला की मूठ तोंडात. म्हणून मीही फार ताणलं नाही. पाच ठिकाणची माती एकत्र करून खासगी लॅबला दिली. फी बघून हे म्हणाले, एवढ्यात वर्षभराची मेथी आली असती.

आकडे किलोला मिलिग्रॅममध्ये: क्रोमियम 128, निकेल 74, तांबं 142, जस्त 260, शिसं 310, कॅडमियम 0.4. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणा) 6.6.

क्रोमियम वाचून झोप उडाली. कारखान्यांचंच ना हे? भाजी मिठाच्या पाण्यात ठेवून खाल्ली तर चालेल का?

विटावा_नाका
रुळांकडेचा पालक खाऊन आम्ही पन्नाशी गाठली. टेन्शन घेऊ नका.

ऐरोलीची_आजी
तुमची पन्नाशी झाली हो, त्याचं अजून दीडच झालंय.

क्रोमवाला_काका
ताई, मी रबाळ्यात निकेल-क्रोम प्लेटिंगमध्ये 26 वर्षं काढली. क्रोमिक ॲसिडच्या टाकीवर उभा राहायचो. पूर्वी पंखाही नसायचा, वाफ सरळ नाकात. आमच्यातल्या दोघांच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोक पडलं. दुखत नाही, शिट्टीसारखा आवाज येतो फक्त. तेव्हा क्रोमियमची भीती मला शिकवू नका.

पण ते क्रोमियम वेगळं. टाकीतलं षट्संयुजी, पाण्यात विरघळतं, पाणी पिवळंजर्द होतं. मातीतलं बहुतेक त्रिसंयुजी असतं, ते पाण्यात फारसं उतरत नाही आणि झाडात गेलं तरी मुळाशीच अडकतं. शेणखत असलेल्या मातीत पिवळं क्रोमियम पडलं तरी त्याचं हळूहळू हेच होतं. तुमच्या रिपोर्टात दोन्ही मिळून एकच आकडा आहे. शंका असेल तर षट्संयुजी वेगळं तपासायला सांगा.

कारखान्यांना मी पाक ठरवत नाहीये. मागच्या नाल्याचा रंग रोज वेगळा असायचा, बघितलाय मी. पण नाल्याचं पाणी तुमच्या वाफ्यात कधी आलंय का?

ऐरोलीची_आजी
नाही. 2005 च्या पुरातही पायरीपर्यंत आलं नव्हतं. पाणी महापालिकेच्या नळाचंच.

दगडमाती
माझं काम मातीचंच, म्हणून जरा लांबण लावतो.

आजी, क्रोमियम, निकेल, तांबं हे तिन्ही आकडे आपल्या सह्याद्रीचे आहेत. ठाण्यापासून थेट विदर्भापर्यंत खाली काळा बेसॉल्ट, आणि त्यात हे धातू मुळातच भरपूर. परदेशी तक्त्यांशी ताडून बघितलं तर आपली निम्मी शेतं ‘प्रदूषित’ ठरतील.

शिसं मात्र बेसॉल्टमध्ये अगदी थोडं असतं, किलोला जेमतेम काही मिलिग्रॅम. 310 कुणीतरी बाहेरून आणून टाकलंय. अमेरिकेने राहत्या जागेच्या मातीसाठी शिशाची सावधगिरीची पातळी 2024 मध्ये 400 वरून 200 केली, म्हणजे तुम्ही तिच्याही वर आहात. दोन संशयित. एक, रस्ता: शिशाचं पेट्रोल आपल्याकडे 2000 साली बंद झालं, पण मातीत पडलेलं शिसं शेकडो वर्षं जागचं हलत नाही. दुसरा, रंग.

पाच ठिकाणची माती एकत्र केलीत तिथेच चुकलं. गेटखालची एक आणि भिंतीकडची एक, अशी वेगवेगळी द्या. वरची 15 सेंटिमीटर घ्या, गंजकं किंवा रंगवलेलं खुरपं वापरू नका. रस्त्याचं असेल तर दोन्हीकडे साधारण सारखं येईल.

भाजीचं म्हणाल तर शिसं मुळातून पानात फारसं चढत नाही. पानांवर सापडतं ते बहुतेक उडालेली धूळ आणि पावसात उडालेले मातीचे शिंतोडे. वाहत्या पाण्यात दोनतीनदा नीट धुतलंत तर बरंच जातं, मिठाने विशेष काही होत नाही. कॅडमियमचं उलटं. ते जस्ताच्या वाटेने झाडाच्या आत शिरतं, धुऊन जात नाही, आणि माती आंबट असेल तर जास्तच शिरतं. जपानात जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातात उतरलं आणि माणसांची हाडं मोडायला लागली. ‘इताई-इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. तुमच्या 0.4 ला मी घाबरणार नाही.

खरा धोका भाजीचा नाही, नातवाच्या मुठीचा आहे. शिशाला सुरक्षित पातळी नाही आणि लहान पोटात ते मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. त्याला आजच वाफ्यातून उठवा आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्तातलं शिसं तपासून घ्या.

क्रोमवाला_काका
गेट कितीदा रंगवलंत ताई? खाली नारिंगी थर होता का? विटकरी असेल तर रेड ऑक्साइड, ते लोखंडाचं. पण शेंदरी असेल तर शेंदूरच तो, म्हणजे शिशाचा ऑक्साइड. जुने पेंटर लोखंडाला पहिला हात त्याचाच मारायचे. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (किलोला 90 मिलिग्रॅम) जास्त शिसं नको हा नियम 2017 च्या नोव्हेंबरात लागू झाला. तुमचं गेट 1993 चं.

ऐरोलीची_आजी
तीन आठवड्यांनी लिहितेय. ह्यांनी दुसऱ्या फीबद्दल अवाक्षर काढलं नाही, यावरून ओळखा.

गेटखालची माती: शिसं 780, जस्त 540, क्रोमियम 121. भिंतीकडची: शिसं 46, जस्त 130, क्रोमियम 126. दगडमाती, तुमचा बेसॉल्ट दोन्हीकडे सारखाच निघाला.

गेटच्या बिजागरीजवळ नखाने खरवडलं. वर हिरवा, त्याखाली करडा, आणि अगदी तळाशी मारुतीच्या अंगावर असतो तसा शेंदरी. दर दोन-तीन वर्षांनी पेंटर यायचा, तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर मारायचा, आणि पोपडे झाडूने वाफ्यात ढकलायचे. झाडू माझ्याच हातात असायचा. आणि मी रबाळ्याच्या नावाने बोटं मोडत होते.

गेटकडचा तीन फुटांचा पट्टा आता बंद. वर पुठ्ठे, त्यावर वाळका पाला, जेणेकरून धूळ उडू नये. ती माती कुठे टाकायची ते ठरेपर्यंत हलवणार नाही, नाल्यात तर नाहीच. मेथी आणि माठ नव्या माती-शेणखताच्या टबात, गच्चीवर. अळू उपटला, वाईट वाटलं. कढीपत्ता भिंतीकडचा आहे, तो राहिला.

नातवाच्या रक्ताचा रिपोर्ट शुक्रवारी आहे. गेट काढून नवीन बसवायचं ठरलंय, भंगारवाल्याला शेंदराचं सांगूनच देईन. तोवर गेटला कुणी हात लावायचा नाही, खरवडायचं तर नाहीच.

विटावा_नाका
आमच्या गॅलरीच्या ग्रिललाही खाली नारिंगी दिसतंय. काका, विटकरी आणि शेंदरी यातला फरक फोटोवरून कळेल का?