अवयव पाडताना मागची मुलं सुटतात, काय करू?

नववीला बीजगणित शिकवते. चार-पाच जण पटकन उत्तर सांगून मोकळे होतात, बाकीचे फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतात. सगळ्यांना हात घालता येईल असं काही?

प्रतिसाद: क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पाडायचे असतील तर पुठ्ठा कापा. एक मोठा चौरस (क्ष²), ५ पट्ट्या, ६ छोटे चौरस. सगळे वापरून एकच आयत जुळवायला सांगा. बाजू येतात क्ष+२ आणि क्ष+३, म्हणजे अवयवच! दृष्टिहीन मुलालाही चाचपून कळतं. सूत्र त्यानंतरच.

दुसरा प्रतिसाद: लगेच हात वर करू देऊ नका. आधी शेजाऱ्याशी बोलू दे. गप्प मुलं तिथेच बोलती होतात.

प्रश्नकर्ती: पट्टीची रुंदी १, लांबी क्ष ना?

पहिला प्रतिसादक: हो. पण लांबी छोट्या चौरसांच्या नेमक्या पटीत नको, नाहीतर मुलं क्ष मोजूनच काढतात.