लायगो खमक्या साहेबामुळे उभं राहिलं का?

तर्ककर्कश: कालच्या धाग्यावर कोणीतरी लिहिलंय, की लायगोत, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेत, वाइस, थॉर्न, ड्रेवर हे तिघं शास्त्रज्ञ मिळून ठरवायचे म्हणून सगळं अडलं, 1994 मध्ये बॅरिश आले, एकहाती कारभार केला, काम मार्गी लागलं. वाचून राहवलं नाही. एकहाती कारभार आधीच करून झाला होता हो! 1987 मध्ये फोग्ट संचालक झाले, चांगले खमके. ड्रेवरशी इतकं बिनसलं की 1992 मध्ये ड्रेवरच बाहेर गेले. लेझर स्थिर ठेवायच्या तंत्राला ज्याचं नाव आहे तो माणूस! बॅरिशनी उलट 1997 मध्ये सायंटिफिक कोलॅबोरेशन (अनेक संस्थांतल्या शास्त्रज्ञांचा गट) काढून बाहेरच्यांना आत घेतलं.

दुर्बीणवाला: ते मीच लिहिलं होतं. बाहेरचे आत आले, पण वेळापत्रक आणि खर्च कोणी आवळला? शेकडो शास्त्रज्ञांना विचारत बसले असते तर चार किलोमीटरच्या नळ्या कागदावरच राहिल्या असत्या.

पोस्टडॉक_परदेशी: साहेब कोण यावर भांडताय, राबणाऱ्यांचं काय? लायगोला लहरी सापडल्याच्या 2016 च्या शोधनिबंधावर हजाराहून जास्त नावं, वर्णानुक्रमे. जग म्हणतं 'ॲबट आणि इतर'. मी दुसऱ्या एका मोठ्या प्रकल्पात तीन वर्षं डेटा साफ केला. मुलाखतीत विचारलं, "यातलं तुमचं नेमकं काय?" घशाला कोरड पडली.

दुर्बीणवाला: मग नावं गाळायची का? सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या 2015 च्या निबंधावर 5154 नावं होती. यंत्र सगळ्यांनीच बांधलं ना?

पोस्टडॉक_परदेशी: गाळा कोण म्हणतंय! कोणी काय केलं ते लिहा. 1991 मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतून सत्यप्रकाश आणि धुरंधर यांनी लहरींचा संकेत गोंगाटातून कसा वेगळा काढायचा यावर लिहिलं, तेव्हा नावं दोनच. काम कोणाचं ते लख्ख दिसतं.

तर्ककर्कश: विषय भलतीकडे चाललाय.

पोस्टडॉक_परदेशी: तुम्हाला कायमची नोकरी आहे म्हणून भलतीकडे वाटतोय!

तर्ककर्कश: माझी नोकरी मध्ये आणू नका. माझीही एक विद्यार्थिनी याच कारणाने संशोधन सोडून गेली. तिच्या शिफारसपत्रात मी 'गटाने केलं' असं लिहिलं होतं. चूक माझी होती.

दुर्बीणवाला: ड्रेवरचं मान्य, तेवढंच. पण 14 सप्टेंबर 2015 ला संकेत सापडला आणि 11 फेब्रुवारीपर्यंत तपासण्या चालल्या. कुजबुज बाहेर पोचली तरी घाईने जाहीर केलं नाही. ती शिस्त आपोआप येत नाही.

पोस्टडॉक_परदेशी: शिस्त हवीच. पण ते पाच महिने रात्री जागून तपासलं कोणी, ते कुठे लिहिलंय?