शब्दचर्चा : रायफल ‘झीरो करणे’ आणि ‘झीरो डिस्टन्स’ला मराठीत काय म्हणावं? (बोलणाऱ्यांच्या नावाऐवजी त्यांचा नाशिकमधला भाग दिला आहे.)

गंगापूर रोड

नमस्कार मंडळी. नव्यानं नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी मी दोन पानी मराठी माहितीपत्रक तयार करतेय. पहिल्या खर्ड्यात एका रकान्यात लिहिलं होतं, ‘शून्य अंतर : ५० मीटर’. सातवीतल्या एका मुलानं ते वाचून मला विचारलं, ‘ताई, अंतर शून्य आहे की पन्नास?’ त्याचं काहीच चुकलं नव्हतं. शब्द माझा चुकला होता.

आधी गोष्ट काय आहे ते सांगते, म्हणजे शब्द सुचवणं सोपं जाईल. आपली नजर जिथून जाते ती रेषा नळीच्या वर असते, आपल्या ‘पॉइंट टू-टू’ (०.२२ इंची गोळीच्या) रायफलीवर दुर्बीण असेल तर साधारण चार सेंटीमीटर वर. गोळी नळीतून निघते ती या रेषेच्या खालून. नळी अगदी किंचित वर रोखलेली असते, म्हणून गोळी चढते, नजरेची रेषा एकदा ओलांडते, थोडी वर राहते आणि वजनानं खाली येताना तीच रेषा पुन्हा ओलांडते. ही दुसरी भेट किती अंतरावर व्हावी हे आपण ठरवायचं आणि तशी साइट (ज्यातून नेम धरतो ती खूण किंवा दुर्बीण) फिरवून घ्यायची. या कामाला आणि या अंतराला मला मराठी शब्द हवे आहेत. ‘शून्यीकरण’ आणि ‘शून्यांतर’ कृपया सुचवू नका, ते दोन्ही करून पाहिले.

कॉलेज रोड

सगळे ‘झीरो’च म्हणतात. ‘रायफल झीरो केली का?’ असंच विचारतात. तोच ठेवा की.

गंगापूर रोड

तोंडी ठेवणारच आहे, दादा. पण कागदावर ‘झीरो’च्या पुढे ‘५०’ आला की मूल अडखळतं, हे समोर पाहिलंय. म्हणून कागदापुरता शब्द शोधतेय.

देवळाली कॅम्प

ताई, मी तोफखान्यातून निवृत्त झालो. फौजेत नेमाला आजही ‘शिस्त’च म्हणतात. ‘शिस्त लेना’ हा हिंदी हुकूम एनसीसीच्या पोरांनाही पाठ असतो. पण हा शब्द आपलाही आहे. फारसीतून आला आणि जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणेच. आता ‘शिस्त’ म्हटलं की शाळेची रांग आठवते, त्याला इलाज नाही. नळीच्या टोकावरच्या खुणेला माझे वडील ‘माशी’ म्हणायचे. ‘माशी दिसली का?’ म्हणजे पुढची साइट दिसली का. हा शब्द तुमच्या पत्रकात जरूर घ्या, मुलांना लगेच कळेल.

एक सावधगिरी सांगतो. ‘पल्ला’ हा शब्द या रकान्यात घालू नका. पल्ला म्हणजे हत्यार जास्तीत जास्त कुठवर पोचतं ते. पॉइंट टू-टूची गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. तिचा नेम ५० मीटरवर जुळवला म्हणून ती ५० मीटरवर थांबत नाही. हा फरक शब्दातच दिसला पाहिजे, नाहीतर गोळीबाराच्या मैदानामागचा मातीचा बांध कशासाठी आहे ते पोरांना कळणार नाही.

सातपूर

‘नेम’ या शब्दाकडे जरा नीट बघू या. हा ‘नियम’वरून आलेला. ‘नित्यनेम’, ‘नेमधर्म’, ‘त्याचा काही नेम नाही’ यांतही तोच, आणि ‘नेमका’ही त्याच घरातला. म्हणजे ‘नेम’ आणि ‘शिस्त’ या दोन्ही शब्दांत मराठीनं निशाण आणि नियम एकत्र ठेवलेत. एक संस्कृताकडून आला, एक फारसीकडून, आणि दोघांच्याही अर्थाचा जोड एकच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण ताईंना जे काम सांगायचंय ते नेमकं हेच आहे : दर वेळी तेच होईल अशी व्यवस्था लावणं. एखादी गोळी मध्यावर लागणं वेगळं.

आता क्रियापद. ‘नेम धरणे’, ‘नेम साधणे’ ही माणसाची कामं. ‘नेम लागणे’ हे फळ. हत्यारावर करायच्या कामाला वेगळं क्रियापद हवं. तबलजी मैफलीआधी तबला ‘मिळवतो’ किंवा ‘जुळवतो’ आणि मग वाजवतो. तसा ‘रायफलीचा नेम जुळवणे’ बसेल का?

पंचवटी

आमचं किराण्याचं दुकान. वडिलांच्या काळी हातातला तराजू होता. सकाळी पहिलं काम तराजू उचलून दोन्ही पारडी रिकामी बघायची. एक बाजू झुकली तर दुसरीकडे छोटा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधायचा, तो पासंग. याला आम्ही ‘पासंग काढणे’ म्हणतो. माल मोजणं त्यानंतर. ताईंचं काम मला हुबेहूब तसंच वाटलं.

सातपूर

पासंगाचा दाखला फार चांगला आहे, पत्रकात समजावताना वापराच. शब्द म्हणून मात्र अडचण येईल. ‘पासंगालाही पुरत नाही’ यामुळे लोकांना तो फक्त क्षुल्लक वजन म्हणून माहीत आहे.

गंगापूर रोड

‘नेम जुळवणे’ मला पटलं. त्यावरून ‘जुळणीचं अंतर’ सहज येतं, आणि ‘जुळणीचं अंतर : ५० मीटर’ वाचून कोणी अडखळणार नाही. ‘माशी’ही घेतली, काका. पल्ल्याबद्दलची सूचना ठळक अक्षरांत टाकते.

आता अंतर कसं ठरवायचं ते इथेच मांडते, म्हणजे शब्द वाक्यात चालतो का ते दिसेल. स्पर्धेत निवड नसते. एअर रायफल १० मीटर, पॉइंट टू-टू ५० मीटर, मोठ्या बोअरची (जाड नळीची) ३०० मीटर. नेम त्याच अंतरावर जुळवायचा, विषय संपला. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला ५० हा आकडा पाठ आहे. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेल्या स्वप्निल कुसळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं, ते सगळ्यांनी पाहिलंय.

प्रश्न येतो तो सरावात, जेव्हा एकच रायफल कधी २५ मीटरवर आणि कधी ५० वर वापरायची असते. माझं मत स्पष्ट आहे : जुळणी ५० वर करा. साध्या वेगाच्या काडतुसानं नेम ५० मीटरवर जुळवला की साधारण १६ मीटरपासून ५० पर्यंत गोळी नजरेच्या रेषेपेक्षा दीड सेंटीमीटरहून वर जात नाही. २५ वर ती जेमतेम एक सेंटीमीटर वर लागते, तेवढं लक्षात ठेवणं सोपं आहे. उलट २५ वर जुळवली तर ५० वर ती सुमारे दोन सेंटीमीटर खाली येते, आणि ५० मीटरच्या निशाणाचा दहा गुणांचा गोल आहे फक्त १०.४ मिलिमीटरचा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. शिवाय जवळच्या जुळणीत राहिलेली चूक दुप्पट अंतरावर दुप्पट होते. ५० ची जुळणी घेऊन कोणी १०० वर सरळ मध्यावर नेम धरला, तर गोळी वीतभर खाली लागेल. म्हणून ‘कुठे वापरणार?’ हे आधी विचारायचं.

प्रत्यक्ष जुळणी मी अशी करते. सकाळी, वारा उठायच्या आत. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवायची, पाच गोळ्या, साइटला हात न लावता. मग कागद काढून उजेडाकडे धरायचा. पाच छिद्रं एका नाण्याखाली झाकली गेली तर पुढे जायचं, विखुरलेली असतील तर साइट फिरवण्यात काही अर्थ नाही, आधी मुलाचा श्वास आणि चाप ओढणं बघायचं. छिद्रं एकत्र असतील तर त्या पाचांचा मध्य पेन्सिलीनं काढायचा आणि तिथून निशाणाच्या मध्यापर्यंत मोजायचं. पाव मिनिटाची क्लिक असलेल्या (फिरकीच्या एका ‘टक्’ला नेम कोनाच्या पाव मिनिटानं सरकवणाऱ्या; मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) दुर्बिणीत ५० मीटरवर एक क्लिक म्हणजे सुमारे साडेतीन मिलिमीटर, २५ वर त्याच्या निम्मं. साइट फिरवायची, पुन्हा पाच. एकेका गोळीमागे धावणारी मुलं अख्खं पाकीट संपवतात आणि रायफल होती तिथेच राहते, याचं मला वाईट वाटतं. महागाची काडतुसं असतात ती.

कॉलेज रोड

वाचताना ‘जुळणी’ कुठेही खटकला नाही. माझा आग्रह मागे घेतो. पण ‘ग्रुप’ला, म्हणजे त्या पाच छिद्रांच्या पुंजक्याला, काय म्हणणार?

सातपूर

‘झुबका’? फुलांचा, केसांचा झुबका असतो तसा. ‘पाच गोळ्यांचा झुबका घट्ट आला’, असं बोलता येतं.

गंगापूर रोड

‘झुबका’ रविवारी मुलांसमोर वापरून बघते. त्यांच्या तोंडी बसला तर कागदावर घेईन.

देवळाली कॅम्प

‘जुळणीचं अंतर’ चांगलं आहे. फक्त त्या रकान्याशेजारी ‘काडतुसाचा लॉट’ (कारखान्यात एका वेळी बनलेला साठा) आणि ‘तारीख’ असे दोन रकाने वाढवा, ताई. लॉट बदलला की झुबका सरकतो, आणि मग जुळणी पुन्हा करावी लागते. नुसतं ५० लिहिलेलं असेल तर पुढच्या पोराला वाटेल, रायफल कायमची जुळलेली आहे.